वाचकांचे प्रश्न : बैठक चालवणं आणि सोबत करणं

समतेच्या कामातल्या बैठका, प्रशिक्षणं आणि नव्या कार्यकर्त्यांची सोबत याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. कागदोपत्री 'सुलभक' (बैठक चालवणारा) आणि 'मार्गदर्शक' (सोबत करणारा) हे शब्द चालतात. गावात 'बैठक घेणारी ताई' म्हणतात. आम्ही दोन्ही वापरले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते. रजिस्टरवर साठ-सत्तर सह्या असतात, पण बोलतात त्याच चार-पाच जणी. भीमनगरातल्या आणि मातंग वस्तीतल्या बायका दाराशी बसतात आणि सही करून निघून जातात. "बोला ना" म्हटलं की नुसत्या हसतात. काय करावं?
– बचत गटाची कार्यकर्ती, बीड जिल्हा

साठ जणींसमोर एकटीला "बोला ना" म्हटलं की तिची अवस्था वर्गात अचानक उभ्या केलेल्या मुलीसारखी होते. शिवाय बोलल्यावर काय होईल याचा हिशेब तिने घरूनच करून आणलेला असतो. जिच्या शेतावर उद्या खुरपायला जायचं, जिच्या घरून उचल घेतली, तीच पहिल्या रांगेत बसलेली असते. त्यामुळे या बायकांना धीट करण्याच्या मागे लागू नका. आधी बैठकीची मांडणी बदला, ती तुमच्या हातात आहे.

सुरुवात जागेपासून. देवळाचा सभामंडप, एखाद्या पुढाऱ्याचं अंगण नको. शाळेची खोली त्यातल्या त्यात बरी. वर्षातली एक तरी महिला ग्रामसभा भीमनगरात भरवा. वरच्या आळीतल्या किती जणी येतात तेही मग कळेल. खुर्च्या चारच असतील तर एकही मांडू नका, सगळ्यांना सतरंजी आणि गोल. चहा असेल तर तो कोण करणार आणि कशातून देणार हे आदल्या दिवशी ठरवा. काहींना स्टीलचे पेले आणि काहींना कागदी कप गेले, तर पुढे कितीही चांगलं बोललात तरी बैठक तिथेच संपलेली असते. वेळ ठरवताना पाणी सुटायची, स्वयंपाकाची आणि मजुरीची वेळ टाळा. तुमच्या जिल्ह्यात तर दिवाळीच्या सुमाराला निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. त्या घरांचे मुद्दे निघण्याआधीच लिहून घ्या, नाहीतर जानेवारीच्या सभेत त्यांचं नावही निघणार नाही.

आता मुख्य काम, आणि ते सभेच्या दिवसाआधी होतं. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्या सात दिवसांत प्रत्येक वस्तीत पाऊण तासाची छोटी बैठक घ्या, दहा-बारा जणींची, त्यांच्याच ओट्यावर. तीन मुद्दे निघू द्या आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "आमच्या नळाला दोन दिवसाआड येतं, तेही रात्री" असं कोणी म्हणालं तर तुम्ही "पाणीपुरवठ्याची समस्या" असं लिहू नका. सभेत वाचताना ते कोणाचंच राहत नाही. मग प्रत्येक वस्तीने सभेत मांडायला दोघींना निवडावं. दोघी अशासाठी की एकटीला गप्प करणं सोपं असतं. सभेत "वस्तीचं म्हणणं असं आहे" अशी सुरुवात होते, एकटीचं नाव पुढे येत नाही. इतिवृत्तातही मुद्दा वस्तीच्या नावाने लिहायला सांगा. ज्यांना बोलायची सवय आहे त्या चार-पाच जणींना आधी भेटून विनंती करा की वस्त्यांचं मांडून झाल्यावर त्यांनी बोलावं. त्यांचा अपमान न करता हे होतं. बहुतेक जणी ऐकतात.

मुद्द्यांचा क्रम लावताना चिंचोके वापरा. प्रत्येकीला तीन चिंचोके, प्रत्येक मुद्द्याला एक मडकं, मडक्यावर चित्र : नळ, दिवा, संडास, रस्ता. मडक्याचं तोंड फडक्याने झाका आणि मडकी आडोशाला ठेवा. उघड्यावर ठेवली की पहिल्या तिघींनी जिथे टाकले तिथेच बाकीच्या टाकतात. यात एक मोठी चूक हमखास होते, ती म्हणजे नुसती बेरीज करणं. मातंग वस्तीत पंधरा बायका आणि गावात दोनशे असतील तर बेरजेत त्यांचा मुद्दा कधीच वर येणार नाही. म्हणून आधी प्रत्येक वस्तीचा पहिल्या क्रमांकाचा मुद्दा यादीत घ्या, आणि उरलेल्या जागा बेरजेने भरा. हा नियम चिंचोके वाटण्याआधी सगळ्यांसमोर सांगून मान्य करून घ्या. नंतर सांगितला तर तो पक्षपात वाटतो.

एखाद्या मुलीला कोपऱ्यात वही देऊन बसवा : कोण किती वेळा बोललं त्याच्या रेघा मारायच्या, वस्तीनुसार. निकाल जाहीर करायचा नाही, तुम्ही बघायचा. तीन सभांच्या वह्या शेजारी ठेवल्या की बदल होतोय की नाही ते कळतं. शेवटी, सभा उठण्याआधी ठराव मोठ्याने वाचायला लावा, आणि दोन दिवसांत त्या दोघींच्या घरी जाऊन या. कोणी काम बंद केलं, उचल परत मागितली, टोमणे मारले, हे बैठकीत कळत नाही, घरी गेल्यावर कळतं. असं काही झालं असेल तर पुढच्या वेळी त्या बाईंना पुढे करू नका. मुद्दा गटाच्या अर्जातून जाऊ द्या.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे प्रशिक्षित कर्मचारी आहेत. मग समतेच्या कार्यशाळांसाठी बाहेरच्या सुलभकाला वेगळे पैसे द्यायची काय गरज? देणगीदारही हा खर्च मान्य करत नाहीत.
– विश्वस्त, पुणे

सगळ्याच बैठकांना गरज नसते. माहिती द्यायची असेल, योजनेचा अर्ज कसा भरायचा ते सांगायचं असेल, तर तुमचे लोक पुरे. निर्णय आधीच झाला असेल तर सुलभक बोलावूच नका, निर्णय सरळ सांगा. लोकांना चर्चेला बसवून शेवटी ठरलेलंच जाहीर केलं, की पुढच्या वेळी तीच माणसं खोटं बोलतात आणि तो दोष त्यांचा नसतो.

गरज पडते ती खोलीत सत्तेची उतरंड असते तेव्हा. संचालक आणि वाहनचालक, कायम कर्मचारी आणि मानधनावरच्या ताई, सवर्ण आणि दलित सहकारी एकत्र बसून संस्थेतल्या भेदभावाबद्दल बोलणार असतील, तर बैठक चालवणारा माणूस त्याच उतरंडीतला असून भागत नाही. वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर खरं कोण बोलेल?

खर्चाचा हिशेब असा मांडा. पंचवीस जणांच्या एक दिवसाच्या कार्यशाळेमागे तयारीचे दोन-तीन दिवस असतात : पाच-सहा सहभागींशी आधी फोनवर बोलणं, कोणाचं कोणाशी काय बिनसलंय ते समजून घेणं, त्यानुसार गट पाडणं. नंतर एक दिवस लिखाणाचा आणि पंधरा दिवसांनी पाठपुराव्याच्या फोनांचा. म्हणजे एक दिवस दिसतो तिथे काम पाच-सहा दिवसांचं असतं. संस्था फक्त 'त्या दिवसाचं मानधन' देतात, म्हणून तयारी गळते आणि सुलभक येऊन नेहमीचे खेळ घेऊन जातो. पंधरापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन सुलभक हवेत. एक बोलतो तेव्हा दुसरा चेहरे बघतो.

आणखी एक. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, पारलिंगी सहकाऱ्यांना 'अनुभवकथन' करायला बोलावून शाल-श्रीफळावर परत पाठवायची पद्धत बंद करा. ते तज्ज्ञ म्हणून आले आहेत, त्यांना सुलभकाइतकंच मानधन द्या.

प्रश्न : निवडून आलेल्या महिला सरपंचांसाठी आम्ही पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतलं. परीक्षेत सगळ्यांना उत्तम गुण. सहा महिन्यांनी गावात गेलो तर कारभार नवरेच बघतात. प्रशिक्षण वाया गेलं का?
– प्रकल्प समन्वयक, यवतमाळ जिल्हा

वाया गेलं नाही, अर्धवट राहिलं. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. खुर्ची कायद्याने मिळाली. पण गावचा कारभार खुर्चीवरून चालत नाही, तो काही ठरावीक वस्तूंवरून चालतो. म्हणून सोबत करणाऱ्या ताईने पहिल्या महिन्यात भाषणं न देता फक्त एवढं शोधावं : डिजिटल सहीचा डोंगल कोणाच्या खिशात आहे, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, पासबुक आणि इतिवृत्ताची वही कोणाच्या कपाटात आहे. बहुतेक वेळा डोंगल संगणक चालवणाऱ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असतो आणि नोंदवलेला नंबर नवऱ्याचा. सरपंचबाईंनी सह्या केलेल्या नसतात, पण पैसे गेलेले असतात आणि जबाबदारी त्यांचीच असते. ही गोष्ट नवऱ्यालाही समजावता येते : उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर नोटीस बायकोच्या नावाने येईल.

नवऱ्याला शत्रू ठरवून हे काम होत नाही. रात्री तिला त्याच घरी जायचं असतं. घरात मारहाणीची शक्यता असेल तर वेग तिने ठरवायचा, तुमच्या प्रकल्पाच्या वेळापत्रकाने नाही. मोबाइल नंबर बदलायचा असेल तर बँकेतल्या केवायसीचं निमित्त चांगलं असतं; भांडण न होता काम होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आकडे. सगळे कागद दाखवू नका. नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, आणि नमुना ५, म्हणजे रोकडवही, एवढ्या दोनच गोष्टी. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचे असतात. एक दुपार बसून तिने स्वतः बोट ठेवून हे तीन आकडे शोधावेत. मग पुढच्या मासिक सभेत तिने एकच प्रश्न विचारायचा, आधी लिहून ठेवलेला : "महिला-बालकल्याणाचे दहा टक्के यंदा कशावर गेले?" एकच. पहिल्याच सभेत पाच प्रश्न विचारायला लावणारे मार्गदर्शक आम्हाला ठाऊक आहेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर उलटं आलं की बाई सहा महिने गप्प होते.

तालुक्याच्या कामाला सोबत करायची ती चार टप्प्यांत. गटविकास अधिकाऱ्यांना भेटायचं आहे असं धरा. पहिल्यांदा ताई बोलते, सरपंच बघतात. दुसऱ्यांदा सुरुवात सरपंचांनी करायची, अडलं तर ताई. तिसऱ्यांदा सगळं सरपंचांनी बोलायचं, ताई एक पाऊल मागे बसते. इथे खरी कसोटी लागते, कारण साहेब उत्तर ताईकडे बघून देतात. ताईने तेव्हा वहीत मान घालावी किंवा सरपंचांकडे बघावं. साहेबांची नजर आपोआप वळते. चौथ्यांदा ताई जातच नाही, सरपंच दुसऱ्या एखाद्या महिला सदस्याला घेऊन जातात. प्रत्येक भेटीनंतर परतीच्या एसटीची वाट बघताना दहा मिनिटं : काय ठरवून गेलो होतो, काय झालं, पुढच्या वेळी काय वेगळं? हे चोवीस तासांच्या आत व्हायला हवं, नंतर फक्त निकाल आठवतो. संस्था घाईत असते म्हणून दुसऱ्या टप्प्यावरून थेट चौथ्यावर उडी मारली जाते, आणि मग "बायकाच पुढे येत नाहीत" असा अहवाल लिहिला जातो.

याच्या जोडीला शेजारच्या सहा-आठ गावांतल्या महिला पदाधिकाऱ्यांचा गट करा. आठवडी बाजाराच्या दिवशी, दोन तास, महिन्यातून एकदा. बाजाराला म्हणून घराबाहेर पडणं सोपं जातं. एकीने अडचण मांडायची दहा मिनिटं, पुढची दहा मिनिटं फक्त प्रश्न, सल्ला नाही. मग वीस मिनिटं सूचना, आणि त्यातली कोणती घ्यायची ते तिने ठरवायचं. प्रश्नांची दहा मिनिटं कडक पाळा. सल्ला आधी आला की बोलकी सरपंच दुसरीची मार्गदर्शक होऊन बसते आणि गट मोडतो. चांगला चाललेला असा गट पाच दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त काम करतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा करायचा आहे. समितीत कायद्याप्रमाणे बायका आहेत, कोरमही भरतो. हद्दीचा नकाशा काढायला मात्र पुरुषच गेले होते. आता बायकांना घेऊन पुन्हा फिरण्यात वेळ कशाला घालवायचा?
– ग्रामसभा कार्यकर्ता, गोंदिया जिल्हा

वेळ घाला, कारण तुमचा दावा अपुरा असण्याचा धोका आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या कोरमला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. दहा ते पंधरा जणांच्या वनहक्क समितीतही एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. कायदा डोकी मोजतो. माहिती कोणाची लिहिली गेली, ते मोजणं तुमच्याकडे राहतं.

पुरुष हद्दीने चालतात : नाला, पहाडी, जुना दगड. जंगलाच्या आतलं बायकांना माहीत असतं. कोणत्या टेकाडावरचा मोह आधी गळतो, चारोळी कुठे, कंद कुठले, पावसाळ्यात सात्या (रानातली अळिंबी) कुठे उगवतात, सरपणाच्या वाटा कोणत्या, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं. हा वापर दाव्यात आला नाही तर पुढे व्यवस्थापन आराखडा करताना त्या जागा कोणाच्याच नसतात, आणि कूप (वनखात्याची झाडतोडीची जागा) किंवा रोपवन नेमकं तिथेच येतं.

वेगवेगळ्या वयाच्या आठ-दहा जणी घ्या, त्यात दोन तरी म्हाताऱ्या हव्यातच. पहिल्या दिवशी जमिनीवर बारा दगड मांडा, एक दगड एक महिना, आणि कोणत्या महिन्यात काय गोळा करतात ते बिया-पानं ठेवून दाखवू द्या. दोन तास पुरतात. नंतर दोन सकाळी फेरी, उजाडल्यापासून दहापर्यंत. जीपीएस घेऊन गावातलीच मुलगी चालेल. ठिकाणांची नावं गोंडीत असतील तर गोंडीतच लिहा. बायकांचा नकाशा पुरुषांच्या नकाशाशेजारी मांडा आणि फरक वेगळ्या रंगाने दाखवा. खडू किंवा पेन तुमच्या हातात घेऊ नका. कार्यकर्त्याने पेन धरलं की नकाशा कार्यकर्त्याचा होतो, आणि गाव "बरोबर, बरोबर" म्हणत राहतं. मूळ नकाशा गावात ठेवा, तुम्ही फोटो न्या. शेवटी एक प्रश्न विचाराच : "या नकाशात कोणाचं घर, कोणाची वाट राहिली?" विधवा, परित्यक्ता आणि गावाबाहेर झोपडी घातलेली माणसं बहुधा इथेच सुटलेली सापडतात.

दाव्याला एकाहून अधिक प्रकारचे पुरावे लागतात. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा त्यातला मान्य पुरावा आहे; किमान दोन वृद्ध स्त्रियांचे जबाब घ्या आणि त्यांच्या बोलीत वाचून दाखवून मगच अंगठा घ्या. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद निघाला तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसायचं असतं. ती बैठक चालवणारा माणूस दोन्हींपैकी कोणत्याच गावचा नसावा.

गडचिरोलीतल्या लेखा-मेंढाकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं ते देशातलं अगदी पहिल्या काही गावांपैकी एक. त्यामागे कित्येक वर्षांचं अभ्यास गटाचं काम होतं. अभ्यास गटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा जाणकार सोबती असूनही निर्णय गावाचाच राहिला तो या विभागणीमुळे. तुमच्याकडेही करून बघा : सभेआधी आठवड्याने, कोणाच्या तरी अंगणात, दोन तासांची अभ्यास संध्याकाळ. ठराव नाही, सह्या नाहीत, फक्त समजून घेणं. त्यात बायका किती बोलतात बघा.

प्रश्न : मी पारधी समाजातल्या एका तरुणाचा मार्गदर्शक आहे. मी स्वतः सवर्ण. दोन वर्षं झाली, तो प्रत्येक गोष्ट मला विचारून करतो, पाया पडतो, माझ्या म्हणण्याला कधीच नाही म्हणत नाही. हे बरोबर चाललंय का?
– निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

नाही, आणि तुम्हाला हे खटकलं ही चांगली सुरुवात आहे. आपल्याकडे शिकवणाऱ्याला गुरू करायची सवय आहे, आणि गुरूला नाही म्हणता येत नाही. ज्या समाजावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला आणि ज्याच्या वस्तीत पोलीस आजही विचारल्याशिवाय शिरतात, तिथल्या मुलासाठी 'ओळखीचे सर' ही सुरक्षिततेची गोष्टही असते. त्यामुळे तो पाया पडतो त्यात नुसता आदर नाही.

पुढच्या भेटीत करार लिहा, एका पानाचा. मुदत : आणखी सहा महिने, तारखेसह. भेट : पहिले तीन महिने पंधरा दिवसांनी एक तास, नंतर महिन्याने. विषय त्याने ठरवायचे आणि आदल्या दिवशी कळवायचे. विषय नसेल तर भेट नाही. कोणती गोष्ट तुमच्यापुरती राहील आणि कोणती तुम्ही संस्थेला सांगायला बांधील आहात तेही लिहा. पैशाची उसनवारी या नात्याबाहेर ठेवा. गरज असेल तर शिष्यवृत्तीसाठी किंवा संस्थेच्या निधीसाठी मदत करा, खिशातून देऊ नका. उसने पैसे आले की 'नाही' म्हणण्याची उरलीसुरली शक्यता जाते.

बोलताना एक शिस्त पाळा. त्याने विचारलं "सर, काय करू?" तर आधी विचारा, "तू कोणते दोन पर्याय बघितलेस?" उत्तर येईपर्यंत थांबा, मनात दहापर्यंत मोजा. शिक्षकाला हे सगळ्यात अवघड जातं. "का केलंस?" असं शक्यतो विचारू नका, ज्याला आयुष्यभर जाब विचारला गेला त्याला 'का' म्हणजे चौकशीच वाटते. "कसं झालं, आधी काय झालं" असं विचारा.

दुसरं काम तुमच्या ओळखींचं. तुमच्याकडे आहेत आणि त्याच्याकडे नाहीत अशा गोष्टी म्हणजे बँकेचे मॅनेजर, वकील, पत्रकार, महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढच्या सहा महिन्यांत अशा पाच माणसांशी त्याची थेट ओळख करून द्या आणि मग मधून निघा. फोन त्याने करायचा. तिसरं, भटक्या-विमुक्तांच्या चळवळीतल्या त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या कार्यकर्त्याशी त्याला जोडून द्या. काही प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नाहीतच, उदाहरणार्थ जात पंचायतीशी कसं वागायचं, किंवा खोली भाड्याने घेताना आडनाव सांगायचं का.

प्रश्न : कार्यशाळेत एकाने "आरक्षणामुळेच गुणवत्ता गेली, तुमच्यासारख्यांना काय माहीत" असं समोरच्या मुलीला म्हटलं. सगळे गप्प. मी विषय बदलला. नंतर रात्रभर झोप लागली नाही. काय करायला हवं होतं?
– तरुण सुलभक, नाशिक

विषय बदलला की गट समजतो, इथे हे चालतं. पहिल्या दहा सेकंदांत म्हणायचं वाक्य पाठच असू द्या : "थांबूया. हे वाक्य इथे चालणार नाही." आवाज न चढवता. त्यानंतर त्या मुलीला सगळ्यांसमोर "तुला काय वाटलं?" असं विचारू नका, तिला दुसऱ्यांदा उभं केल्यासारखं होतं. दहा मिनिटांची सुट्टी घ्या. एका सुलभकाने तिच्याजवळ जायचं आणि तिला काय हवंय ते विचारायचं : पुढे चालू ठेवायचं, बाहेर बसायचं, घरी जायचं, लेखी तक्रार करायची. दुसऱ्याने बोलणाऱ्याला बाजूला घ्यायचं. परत आल्यावर त्या वाक्यात काय चूक आहे ते सुलभकाने सांगायचं, तिने नाही. आरक्षण कशासाठी आहे हे पाच मिनिटांत, नेमकं सांगता येण्याची तयारी ही तुमच्या कामाचा भाग आहे.

कधीकधी चूक दाखवल्यावर बोलणारा रडू लागतो आणि सगळा गट त्याचे डोळे पुसायला धावतो. दुखावलेली मुलगी कोपऱ्यात राहते. त्याला सहसुलभकाबरोबर बाहेर पाठवा आणि गटाचं लक्ष परत आणा. तिथल्या तिथे माफी मागायला लावू नका; ती गटासाठी असते, तिच्यासाठी नसते, आणि तिला "जाऊ द्या" म्हणावं लागतं. शिवीगाळ, धमकी, जातीवरून अपमान झाला असेल तर प्रकरण १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जाऊ शकतं. तिथे दोघांना बसवून मिटवणं हे सुलभकाचं काम नाही. काय घडलं ते वेळेसह लिहून ठेवा, साक्षीदार कोण ते लिहा, आणि तिला वकिलाचा सल्ला मिळेल असं बघा.

पुढच्या कार्यशाळेत सकाळीच गटाकडून चार-पाच नियम करून घ्या, आणि त्यातला एक असा असू द्या : नियम मोडला तर आपण काय करू. हा नियम बहुतेक कार्यशाळांत नसतो, म्हणून त्या क्षणी सुलभक एकटा पडतो. आणि हो, एकट्याने अशी कार्यशाळा घेऊ नका. संस्था दुसऱ्या सुलभकाचे पैसे देत नसेल तर आजच्या दुसऱ्या पत्राचं उत्तर त्यांना वाचायला द्या.